प्रत्येक नियमामागे एक चोर

मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर मी आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या टेबलावर पोकर खेळलो. त्या एका रात्रीत मला तीनदा टोकलं गेलं.

पहिल्यांदा टोकलं तेव्हा मी नुकताच एक डाव जिंकलो होतो. खुशीत दोन चिप्स उचलल्या आणि शर्टाच्या खिशात टाकल्या. पत्ते वाटणारी डीलर मुलगी हसून, पण ठामपणे म्हणाली, "सर, चिप्स टेबलावरच ठेवा." माझे पैसे, माझा खिसा, हिचं काय जातंय? पण ठेवल्या.

दुसऱ्यांदा समोरच्या खुर्चीवरच्या पन्नाशीच्या काकांनी टोकलं. त्यांनी दोन हजार लावले होते. माझ्याकडे बादशहा आणि नव्वी अशा दोन जोड्या लागल्या होत्या. सिनेमात पाहिलं होतं तसं मी सावकाश म्हणालो, "तुमचे दोन हजार... आणि वर आणखी पाच." दोन हजारांच्या चिप्स पुढे सरकवल्या आणि उरलेल्या मोजायला हात मागे नेला. काका शांतपणे म्हणाले, "स्ट्रिंग." डीलरने मान डोलावली, माझे वरचे पाच हजार परत माझ्याकडे सारले आणि सांगितलं, "फक्त कॉल धरला जाईल." माझे कान गरम झाले.

पुढचं पान इस्पिकचं आलं. टेबलावर आता तीन इस्पिक. काकांनी सहा हजार लावले. फ्लश लागला असणार, असं म्हणून मी पानं टाकली. काका पॉट ओढून घेऊ लागले तेव्हा मी म्हणालो, "काका, पानं दाखवा ना." त्यांनी पानं उलटीच डीलरकडे सरकवली. मी डीलरकडे पाहिलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही पॅक केलंत. आता बघता येणार नाही." ही तिसरी वेळ.

मी काही पोकरमध्ये अगदीच कच्चा नव्हतो. दोन-अडीच वर्षं फोनवर खेळलेलो. पण ॲपमध्ये तुमची पाळी नसताना बटणच दिसत नाही. पैसे दोन हप्त्यांत पुढे सरकवता येत नाहीत. पानं कोण आधी दाखवणार हे यंत्र ठरवतं. नियम मोडायची सोयच नसल्यामुळे ते नियम आहेत हेच कळत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि ती ॲप्स बंद झाली. माझ्यासारखे काहीजण मग खऱ्या टेबलापाशी पोहोचले, आणि तिथे आम्हांला वाटलं की ही जुनी मंडळी उगाच सोवळंओवळं पाळताहेत.

परतल्यावर मी रागाच्या भरात वाचायला बसलो. हे नियम केले कुणी आणि कशासाठी? वाचता वाचता राग गेला. कारण जवळपास प्रत्येक नियमामागे मला एकेक चोर सापडत गेला.

पाण्यावरचा खेळ

पोकर जन्मला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सच्या आसपास. तिथून तो मिसिसिपी नदीच्या आगबोटींवर चढला आणि वर वर पसरत गेला. तेव्हा तो बावन्न नव्हे, वीसच पानांवर खेळत. एक्का, बादशहा, राणी, गुलाम आणि दश्शी. चार खेळाडू, प्रत्येकाला पाच पानं, कॅट संपला. बदलून घ्यायला पान नाही, की टेबलावर उघडं पान नाही. फक्त हातातली पानं, पैसे आणि समोरच्याचा चेहरा.

या काळाचं एक जिवंत वर्णन जो कॉवेल नावाच्या इंग्रज विनोदी नटाने करून ठेवलं आहे. त्याच्या आठवणींचं पुस्तक १८४४मध्ये आलं. त्यात १८२९च्या डिसेंबरातला एक प्रवास आहे. लुईव्हिलहून न्यू ऑर्लीन्सला जाणारी आगबोट, रात्र, दाट धुकं. एका टेबलावर पोकर चालू. बोट काठावर आदळते, सगळे घाबरून बाहेर धावतात. हिरवा चष्मा लावलेला एक खेळाडू मात्र जागेवर बसून पत्ते पिसत राहतो. धोका टळल्यावर मंडळी परत येतात, तो वाटतो, आणि सगळ्यांच्याच हाती थक्क करणारी पानं येतात. बोली चढत जाते. पण घाईत त्याच्या हातून गफलत झालेली असते. स्वतःसाठी रचलेली पानं दुसऱ्याच्या हाती गेलेली असतात, आणि एक तरुण वकील तो भलामोठा डाव जिंकून जातो.

आज आपल्याला ही गोष्ट गमतीची वाटते. पण मला त्यात दिसली ती त्या काळच्या टेबलाची मांडणी. तीन माणसं उठून गेली आहेत, कॅट एकट्याच्या हातात आहे, आणि परत आल्यावर 'पुन्हा पिसा, आम्ही काटतो' असं म्हणायची कुणालाही सवय नाही.

घरातल्या पत्त्यांत असं म्हणावं लागत नाही. गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट नाहीतर झब्बू खेळताना मामा पानं लपवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि उद्या सकाळी त्याच मामाबरोबर आरतीला उभं राहायचं असतं. नात्याचा धाक पुरतो. आगबोटीवरची माणसं एकमेकांची कुणी नसत. तुम्हांला लुटणारा पुढच्या धक्क्यावर उतरून जाणार. तक्रार करणार कुणाकडे?

धाक नव्हता तिथे लोकांनी कधी कधी दोर वापरला. जुलै १८३५मध्ये मिसिसिपीच्या काठावरच्या व्हिक्सबर्ग गावात जमावाने पाच जुगाऱ्यांना खटल्याविना फासावर लटकवलं. जोनाथन ग्रीन नावाचा एक माजी पत्तेबाज पुढे सुधारला आणि गावोगाव फिरून या धंद्याची बिंगं फोडू लागला. त्याने १८४३च्या पुस्तकात पोकरच्या या वीस पानी अवताराला चक्क फसवणुकीचा खेळ म्हटलं.

म्हणजे पोकरपुढे दोनच वाटा होत्या. फासाचा दोर, किंवा नियमांचा कागद. योगायोग असा की आपल्याकडेही हा खेळ शेवटी पाण्यावरच येऊन पोहोचला. गोव्याच्या १९७६च्या जुगारविषयक कायद्यात नंतर दुरुस्त्या झाल्या आणि कॅसिनोला जहाजावर परवानगी मिळाली. मिसिसिपीवर पळून जाता यावं म्हणून बोट सोयीची होती, मांडवीवर कायद्यात बसावं म्हणून आहे.

पिसणारा हात

नवखा माणूस टेबलावर सर्वांत आधी विचारतो तो प्रश्न म्हणजे, मधलं पान जाळतात का? टेबलावर उघडी पानं मांडण्याआधी डीलर कॅटवरचं एक पान न दाखवता बाजूला टाकतो. यालाच पान जाळणं म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की हा नशीब पालटायचा काहीतरी विधी आहे. माझ्या शेजारचा मुलगा तर प्रत्येक जळालेल्या पानाला हात जोडत होता.

खरं कारण रुक्ष आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत खुणा केलेले पत्ते दुकानदार उघडपणे कॅटलॉग छापून विकत. पाठीवरच्या नक्षीत एखादी पाकळी जास्त, एखादी रेघ जाड. ज्याला खूण माहीत, त्याला कॅटच्या माथ्यावरचं पान उलटं असूनही वाचता येई. ते पानच बाजूला टाकलं की त्याची विद्या फुकट. आता कॅट चांगले आहेत, वर कॅमेरे आहेत, तरी पान जळतंच.

तसंच काटण्याचं. १९०२मध्ये एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने एक पुस्तक निघालं. लेखक खरा कोण, यावर आजही वाद घालतात. खालचं पान वरचं म्हणून कसं वाटायचं, काटलेला कॅट पुन्हा होता तसा कसा आणायचा, हे सगळं त्यात थंड डोक्याने, एखाद्या शिंपीकामाच्या पुस्तकासारखं समजावलं आहे. ते वाचल्यावर डीलर कॅट टेबलाला चिकटवून का पिसतो आणि काटल्यावर तळाशी प्लॅस्टिकचं एक कार्ड का ठेवतो, हे विचारावं लागत नाही. ते कार्ड तळाचं पान कुणाला दिसू नये म्हणून असतं.

आणि 'पानं टेबलाच्या कडेखाली नेऊ नका' हा नियम? त्यामागे केप्लिंगर आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा हा खेळाडू १८८८च्या सुमारास नुसता जिंकत सुटला होता. जॉन नेव्हिल मॅस्कलिन या इंग्रज जादूगाराने १८९४मध्ये त्याची गोष्ट लिहिली. केप्लिंगरने बाहीत एक यंत्र बसवलं होतं. गुडघे फाकवले की दोरी ताणली जाई आणि हातातलं पान बाहीत गडप होई. हवं तेव्हा परत येई. त्याच्याबरोबर खेळणारेही पत्तेचोरच होते. एके दिवशी त्यांनी त्याला धरून त्याची झडती घेतली. शिक्षा काय दिली? प्रत्येकाला तसंच एक यंत्र बनवून द्यायचं!

वाटणाऱ्याच्या हाती इतकं बळ असतं म्हणून ती पाळी फिरती ठेवायची, आणि आता कुणाची पाळी हे दाखवायला खेळाडूंपुढे एखादी वस्तू ठेवायची पद्धत होती. तिला 'बक' म्हणत. दुसऱ्यावर जबाबदारी ढकलणं या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार तिथूनच निघाला. पोकरवेडे अमेरिकी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी आपल्या टेबलावर जी प्रसिद्ध पाटी ठेवली होती, तिच्यातला बक हाच. पुढे कॅसिनोंनी पत्ते वाटायला पगारी माणूस नेमला आणि खेळाडूंच्या हातून कॅट काढूनच घेतला. टेबलावर फिरणारी 'डीलर' लिहिलेली पांढरी चकती तेवढी उरली. ती ज्याच्यासमोर, तो वाटत काहीच नाही, फक्त बहुतेक फेऱ्यांत शेवटी बोलतो. नवख्यांचा इथेही हमखास गोंधळ होतो.

जीभ आणि चिप्स

आता माझ्या 'स्ट्रिंग'कडे येतो. मी काय गुन्हा केला होता?

समजा मला वाढवायचं की नाही हे नक्की नाही. मी दोन हजार पुढे करतो आणि थांबतो. समोरच्याला वाटतं, चला, एवढ्यावर भागलं. त्याचे खांदे सैल पडतात, किंवा तो लगेच पानांकडे हात नेतो. मी ते पाहतो, आणि मग ठरवतो की वरचे पाच हजार टाकायचे की नाही. म्हणजे एकाच पाळीत मी दोनदा विचार केला, आणि दुसऱ्यांदा त्याच्या चेहऱ्याची फुकट मदत घेतली. हीच ती जुनी युक्ती. म्हणून नियम असा की चिप्स एकाच हालचालीत पुढे करा, नाहीतर आधी 'रेज' म्हणा आणि आकडा सांगा. आधी बोललात तर मग चिप्स सावकाश मोजायला मोकळे.

मी 'तुमचे दोन हजार' म्हणालो तिथेच माझी पाळी संपली होती. सिनेमातले नायक हे वाक्य इतक्या झोकात म्हणतात की जगभर नवखे खेळाडू पहिल्याच रात्री यात अडकतात.

याच कुळातला दुसरा नियम एका चिपचा. समोर दोनशेची बोली आहे आणि तुम्ही न बोलता हजाराची एक चिप टाकलीत, तर ती हजाराची बोली ठरत नाही. दोनशेचा कॉल ठरतो, आठशे परत मिळतात. सुटे नसलेल्या माणसाने नोट पुढे करावी, तसं ते धरलं जातं. वाढवायचं असेल तर तोंड उघडावं लागतं. तिसरा नियम पाळीचा. तुमच्या आधीचे दोघे विचार करताहेत आणि तुम्ही कंटाळून पानं फेकलीत, तर तुमचं काहीच गेलं नाही असं वाटतं. पण त्या दोघांतल्या एकाला आता माहीत झालं की मागे धोका कमी आहे. ती माहिती तुम्ही दुसऱ्याच्या खिशातून काढून त्याला दिलीत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण याच जागी सर्वांत जास्त भांडणं होतात. पैशांबद्दल तुम्ही आपल्या पाळीत जे बोलता ते तुम्हांला बांधून ठेवतं. पानांबद्दल जे बोलता ते बांधत नाही. 'पाच हजार' म्हणालात की पाच हजार गेले. पण शेवटी 'माझा फ्लश आहे' म्हणालात आणि पानं उलटल्यावर नुसती जोडी निघाली, तर जोडीच धरली जाते. उलटंही खरं. तुम्हांला स्वतःला न दिसलेला सिक्वेन्स डीलरला दिसला, तर पॉट तुमचा. पानं स्वतः बोलतात, असा हा नियम.

म्हणून जुने खेळाडू एक सल्ला देतात. समोरचा कितीही आत्मविश्वासाने 'फ्लश' म्हणाला तरी त्याची पानं उघडी पडेपर्यंत आपली सोडू नका. टाकलेल्या ढिगात मिसळलेलं पान मेलं. मग तो कितीही खोटं बोलला असला तरी पॉट परत मिळवणं फार अवघड.

'दाखवा ना'

तिसरं टोकणं मला सर्वांत जास्त लागलं होतं. मी फक्त पानं बघायला मागितली होती.

आपला घोटाळा तीन पत्तीमुळे होतो. तीन पत्तीत दोघे उरले की एकजण पैसे भरून शो मागतो. शो विकत घ्यायची गोष्ट आहे, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. पोकरमध्येही तत्त्व तेच आहे, पण आपण ते ओळखत नाही. काकांचे सहा हजार मी भरले असते तर त्यांना पानं दाखवावी लागली असती. मी भरले नाहीत. ज्या वस्तूची किंमत दिली नाही, ती मी डाव संपल्यावर फुकट मागत होतो.

शेवटची बोली भरली गेली तर ज्याने शेवटी वाढवलं तो आधी दाखवतो. बाकीचे हरलेले न दाखवता पानं टाकू शकतात. मात्र इथे एक अपवाद आहे आणि त्याचा फार गैरवापर होतो. अनेक पोकरगृहांत खेळाडूला 'मला ते पान बघायचं आहे' असं म्हणता येतं. लोकांना वाटतं, हा आपल्या कुतूहलाचा हक्क आहे. मुळात तो दोघांच्या संगनमताविरुद्ध आहे. टेबलावर दोन साथीदार असतील तर ते तिसऱ्याला मध्ये धरून दोन्हीकडून बोली वाढवत नेतात. एकाकडे चांगली पानं, दुसऱ्याकडे काहीच नाही. शेवटी तो दुसरा गुपचूप पानं टाकतो आणि पुरावा ढिगात जातो. त्याचीच पानं उलटून बघता यावीत म्हणून हा हक्क. हरलेल्या माणसाला खिजवायला किंवा त्याची खेळायची रीत चोरायला तो वापरला, तर काढून घेतला जातो.

'एकाला दाखवलं तर सगळ्यांना दाखवा' हाही त्याच वळणाचा. शेजाऱ्याला मैत्रीखातर पान दाखवलं, की त्याच्याकडे बाकीच्यांकडे नसलेली माहिती आली.

'एक हात, एकच खेळाडू' या नियमापाशी आल्यावर मात्र मी अमेरिका सोडून थेट हस्तिनापुरात पोहोचलो. तुम्ही मित्राच्या मागे उभं राहून 'टाक, टाक' म्हणू शकत नाही, त्याच्या बदली खेळू शकत नाही. सभापर्व आठवा. पणाला लावायची संपत्ती दुर्योधनाची आणि फासे टाकणार शकुनी. युधिष्ठिराने त्यावर हरकत घेतली होती. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं त्याला विपरीत वाटलं होतं. हरकत बरोबर होती. ती नोंदवून तो खेळायला बसला, एवढंच चुकलं.

खिशाला कुलूप

आता सर्वांत पहिलं टोकणं, खिशातल्या दोन चिप्सचं. हा नियम मला सर्वांत क्षुल्लक वाटला होता आणि आता तोच सर्वांत मोठा वाटतो.

इंग्रजीत त्याला 'टेबल स्टेक्स' म्हणतात. डाव सुरू होताना तुमच्यासमोर जेवढं आहे तेवढ्यावरच तो डाव. मध्येच खिशातून काढून भर घालता येत नाही. समोरच्याने तुमच्या ऐपतीबाहेरची बोली केली तरी तुम्हांला उठवता येत नाही, आहे तेवढं लावून तुम्ही डावात राहता आणि तेवढ्याच भागावर तुमचा हक्क असतो. आणि जिंकलेलं, टेबल सोडेपर्यंत, खिशात टाकता येत नाही. तुमच्याशी हरलेल्याला ते परत जिंकायची संधी असली पाहिजे.

सिनेमाने याचा पार विचका केला. 'कसिनो रोयाल'मध्ये बाँडच्या समोरचा माणूस गाडीची किल्ली टेबलावर टाकतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

पोकरच्या दंतकथांत यापेक्षा मोठी किल्ली आहे. सांगतात की सांता फे शहरात टेक्ससचा एक गुरांचा मालक आणि एक व्यावसायिक जुगारी यांचा डाव रंगला. रोकड संपली तेव्हा मालकाने आपलं कुरण आणि दहा हजार गुरं कागदावर लिहून लावली. जुगाऱ्याकडे तेवढं नव्हतं. त्या प्रांताचे गव्हर्नर प्रिन्स तिथेच बघत उभे होते. जुगाऱ्याने एक कागद खरडला, पिस्तूल काढून गव्हर्नरसमोर धरलं आणि सही घेतली. मग तो कागद पॉटमध्ये टाकत म्हणाला, हा घ्या, न्यू मेक्सिको प्रांत लावला. मालकाने पानं टाकून दिली.

ही गोष्ट सांगताना लोक हसतात. मीही हसलो. मग आजोबांची आठवण झाली.

माझ्या आजोबांनी लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीन पत्तीत ओढ्याकाठचं पाऊण एकर रान घालवलं. मी जन्मायच्या कितीतरी आधी. समोरच्याची चाल चढत गेली, आजोबांकडचे पैसे संपले, आणि पॅक करणं कमीपणाचं वाटलं. कुणीतरी वहीचं पान फाडून दिलं. हातात काय होतं, ते त्यांनी आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही. आजीने नंतर घरात पत्ते येऊ दिले नाहीत. दिवाळीत बदाम सात खेळायचं तरी आम्ही शेजाऱ्यांकडे जायचो.

वाचताना मला आणखी एक गोष्ट कळली. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं तिसावं कलम सांगतं की पैजेचा करार रद्दबातल असतो. पैजेत जिंकलेलं वसूल करायला कोर्टात दावा लावता येत नाही. म्हणजे ती चिठ्ठी कायद्याने कोरा कागद होती. आजोबांना जमीन द्यावीच लागली असती, असं मुळीच नव्हतं. त्यांनी दिली, कारण चार माणसांत शब्द दिला होता. ज्याने घेतली त्यानेही ती घेतली, कारण चार माणसांत जिंकली होती. दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. त्या रात्री तिथे 'समोर आहे तेवढंच' एवढे तीन शब्द म्हणणारं कुणी असतं, तर ते रान आजही आमचं असतं.

आता पुन्हा सभापर्वात जाऊ. युधिष्ठिराने धन लावलं, राज्य लावलं, भाऊ लावले, स्वतःला लावलं. नंतर शकुनीने सुचवलं तेव्हा द्रौपदीला लावलं. द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न आपण नेहमी स्त्रीच्या अपमानाचा म्हणून वाचतो, आणि तो आहेच. पण तो काटेकोर नियमाचाही प्रश्न आहे. आधी स्वतःला हरलेल्या माणसासमोर लावायला उरतंच काय? जे त्याच्यापुढे नाही ते त्याने लावलं कसं? विकर्णाने उठून तिच्या बाजूने बोलायचं धाडस केलं. निर्णय द्यायचा होता भीष्मांना. त्यांनी धर्म सूक्ष्म असल्याचं सांगितलं आणि निर्णय दिला नाही.

कॅसिनोत वाद झाला की डीलर हात वर करून 'फ्लोअर' अशी हाक मारतो. एक माणूस येतो, ऐकून घेतो, आणि तिथल्या तिथे निर्णय देतो. तो चुकूही शकतो, पण गप्प बसून चालत नाही.

जे लिहिलेलं नाही

हे सगळे नियम शतकभर विखुरलेले होते. प्रत्येक गावचं टेबल निराळं. कॅलिफोर्नियात गार्डिना नावाच्या गावी १९३६पासून कायदेशीर पत्ताघरं चालत. तिथे मालक फक्त जागेचं भाडं घेई आणि खेळाडू आपापसांत पाळीने वाटत. अनोळखी माणसं रोज एकत्र बसायची, म्हणून नियम ठरवून ठेवावे लागले. पुढे बॉब सियाफोन या खेळाडूने पोकरगृहांतले नियम एकत्र करून 'रॉबर्ट्‌स रूल्स ऑफ पोकर' हा मसुदा तयार केला. २००१मध्ये मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन आदींनी स्पर्धासंचालकांची संघटना उभी केली आणि जगभरच्या स्पर्धांसाठी समान नियम आखायला घेतले. त्यांच्या यादीतला पहिलाच नियम सांगतो की खेळाचं हित आणि न्याय सर्वांत वर. क्वचित प्रसंगी नियमाच्या अक्षरापेक्षा शहाणपण मोठं मानावं.

तरी काही गोष्टी कागदावर मावत नाहीत. हातात अजिंक्य पानं असताना उगाच वेळ काढून, समोरच्याला जिंकल्यासारखं वाटू देऊन मग सावकाश उलटणं, याला स्लोरोल म्हणतात. त्याने निकाल बदलत नाही, पण टेबलावर तुमच्याशी कुणी बोलत नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे हरलेल्या नवख्याला सगळ्यांसमोर शिकवणी देऊ नये. काही म्हणतात हा धूर्तपणा आहे, मासा जाळ्यातून पळू नये म्हणून. असेलही. पण अपमान न झालेला माणूस पुन्हा येऊन बसतो, हेही खरं.

त्या रात्री परतीच्या छोट्या बोटीत ते काका माझ्या शेजारी येऊन बसले. टेबलावर त्यांनी 'स्ट्रिंग' या एका शब्दापलीकडे मला काहीही सुनावलं नव्हतं. आता म्हणाले, "राग आला ना? मलाही आला होता, पहिल्यांदा. पुढच्या वेळी आधी 'रेज' म्हण, मग आरामात मोज." जेट्टीचे दिवे जवळ आले. ते जरा थांबून म्हणाले, "आणि कुणी स्ट्रिंग म्हणून अडवलं, की तो का अडवतोय याचा विचार कर. ज्याच्याकडे पक्की पानं असतात, तो तुझे जास्तीचे पाच हजार आनंदाने येऊ देतो."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांनी अडवलं तेव्हाच मला त्यांच्या पानांचा सुगावा लागायला हवा होता, आणि मी कान गरम करून घेण्यात गुंतलो होतो.

"मग काका, शेवटी होतं काय तुमच्याकडे?"

"फ्लश," ते म्हणाले, आणि उतरायला उभे राहिले.